नोकिया ६६०० चं 'काय चुकलं' हे विचारण्याआधी

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर असलेल्या बऱ्याच जणांना जुन्या तंत्रज्ञानावर काम करावंसं वाटतं. एसटीडी बूथ, टेपरेकॉर्डर, सायबर कॅफे आणि अर्थातच जुने मोबाईल. विषय चांगला आहे, मी परावृत्त करणार नाही. पण असे सिनॉप्सिस उघडले की आत ठरलेले दोन कप्पे दिसतात: फायदे आणि तोटे. फायद्यांत 'मजबूत', 'बॅटरी टिकायची', 'साधा'. तोट्यांत 'कॅमेरा कमी मेगापिक्सेलचा', 'इंटरनेट हळू', 'मेमरी कमी'. हे वाचून गाईड विचारतात, "कुणाच्या मानाने कमी?" आणि तिथेच गाडी थांबते.

आज एकच फोन घेऊन या प्रश्नावर बोलू. नोकिया ६६०० घेते, कारण तो आपल्या भागात पुष्कळांनी वापरला, निदान दुसऱ्याच्या हातात पाहिला, आणि त्याच्याबद्दल प्रेमाने बोललं जाणारं बरंच काही तपासल्यावर टिकत नाही.

आधी ठोस माहिती. हा फोन जून २००३ मध्ये जाहीर झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस बाजारात आला. सिम्बियन ७.०एस ही ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यावर नोकियाची सिरीज ६० ची दुसरी आवृत्ती. प्रोसेसर १०४ मेगाहर्ट्झचा. पडदा १७६ गुणिले २०८ पिक्सेलचा, ६५,५३६ रंगांचा. आतली मेमरी सुमारे ६ एमबी आणि वर ३२ एमबीचं मेमरी कार्ड. व्हीजीए कॅमेरा, ब्लूटूथ, इन्फ्रारेड, जीपीआरएस. वाय-फाय नाही, टचस्क्रीन नाही, एफएम रेडिओसुद्धा नाही.

मग याला स्मार्टफोन का म्हणायचं? इथे व्याख्या स्वतःची स्वतः ठरवावी लागते आणि सिनॉप्सिसमध्ये लिहावी लागते. दुकानात तेव्हा 'कॅमेऱ्याचा मोबाईल' किंवा 'मेमरी कार्डवाला' म्हणत. स्मार्टफोन हा शब्द आपल्याकडे सर्रास झाला तो बराच नंतर. मी धरते ती व्याख्या अशी: ज्या फोनवर कंपनीने न दिलेलं, तिसऱ्याच कुणी बनवलेलं सॉफ्टवेअर वापरणारा स्वतः टाकू शकतो आणि जो एकाच वेळी अनेक कामं उघडी ठेवू शकतो, तो स्मार्टफोन. या व्याख्येत ६६०० बसतो, नोकिया ११०० बसत नाही. तुमची व्याख्या वेगळी असेल तर निष्कर्षही वेगळे येतील. चालेल, पण ती पान दोनवर दिसली पाहिजे.

आता एका आकड्याकडे. ६६०० चे १५ कोटी नग विकले गेले असं इंटरनेटवर ठिकठिकाणी लिहिलेलं सापडतं. 'सर्वाधिक खपाचे फोन' छाप याद्यांमध्ये तर हमखास. आकडा गोल आहे, मोठा आहे, आपल्या आठवणीला सुखावणारा आहे. म्हणूनच त्याला चिमटा काढून बघायचा. सिम्बियन कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये जाहीर केलं की सिम्बियनवर चालणारे एकूण १० कोटी फोन कंपन्यांकडून बाहेर पडले. एकूण म्हणजे नोकियाचे सगळे, सोनी एरिक्सनचे, मोटोरोलाचे, आणि जपानमध्ये फुजित्सूचे सुद्धा. तोवर ६६०० ला तीन वर्षं झाली होती आणि त्याच्या जागी नवी मॉडेलं आली होती. ते दहाच्या दहा कोटी फोन ६६०० च होते असं अगदी उदारपणे धरलं, तरी म्हाताऱ्या झालेल्या या मॉडेलने त्यानंतर आणखी पाच कोटी विक्री केली असं मानावं लागेल. ते मानवत नाही. एवढं साधं गणित केलं की आकडा गळून पडतो, आणि त्यासाठी कुठल्या महागड्या डेटाबेसचं सबस्क्रिप्शन लागत नाही. भाग हा पूर्णापेक्षा मोठा नसतो, बस्स.

अशीच तपासणी मुलाखतींचीही करावी लागते. समजा कुणी सांगितलं की '६६०० वर आम्ही व्हॉट्सॲप चालवायचो'. व्हॉट्सॲप कंपनीच २००९ ची, आणि सिम्बियनवर ते आलं तेव्हा सिरीज ६० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पुढे चाललं. ६६०० दुसऱ्या आवृत्तीचा. म्हणजे तो माणूस खोटं बोलतोय का? मुळीच नाही. त्याच्या आठवणीत दोन-तीन फोन एकमेकांत मिसळलेत. मुलाखतीचा तो भाग कापून टाकू नका. 'कुठला फोन' यासाठी तो पुरावा कच्चा आहे, पण 'माणसं फोन कशी आठवतात' यासाठी पक्का आहे. तसंच 'पहिला कॅमेऱ्याचा फोन' हा मान लोक ६६०० ला देतात. भारतात नोकियाचा कॅमेऱ्याचा ७६५० हा त्याआधी, २००२ मध्ये येऊन गेला होता. पहिला आलेला आणि पहिला आठवलेला, यांत फरक पडतो.

कॅमेऱ्याचं बघू, कारण तोट्यांच्या कप्प्यात त्याचं नाव सगळ्यात वर असतं. व्हीजीए म्हणजे ६४० गुणिले ४८०, म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. आजच्या मानाने ०.३ मेगापिक्सेल, हसू येण्यासारखं. पण फोनचा पडदा किती पिक्सेलचा? १७६ गुणिले २०८ म्हणजे ३६,६०८. म्हणजे फोटोत पडद्याच्या आठपटीहून जास्त माहिती होती. ज्या पडद्यावर तो फोटो बघितला जायचा, मित्राच्या तसल्याच फोनवर पाठवला जायचा, तिथे तो फोटो कमी नव्हताच. कमतरता कधी उघडी पडायची, तर फोटो फोनच्या बाहेर गेला की. तीनशे डीपीआयने छापला तर जेमतेम दोन इंच रुंदीचा होतो, आयकार्डापुरता. त्यामुळे 'कॅमेरा खराब' असं लिहिण्याऐवजी 'फोटोचा प्रवास कुठवर' असं विचारलं तर काहीतरी हाती लागतं. व्हिडिओचं मात्र मी समर्थन करणार नाही. मूळ सॉफ्टवेअरवर साधारण दहा सेकंदांत रेकॉर्डिंग थांबायचं. ही अडचण निव्वळ लेन्सची किंवा प्रोसेसरची म्हणता येत नाही, कारण दुसऱ्यांनी बनवलेली सॉफ्टवेअर टाकून लोक त्याच फोनवर जास्त वेळ रेकॉर्ड करायचे. मर्यादा बरीचशी ठरवून घातलेली होती.

यातूनच ६६०० च्या खऱ्या बलस्थानाकडे येता येतं: त्याच्यात बाहेरून काहीतरी आत घालता यायचं. .एसआयएस फाईल मिळाली की टाका. गेम, डिक्शनरी, एमपी३ वाजवणारा प्लेअर. ॲप स्टोअर नव्हतं, अकाउंट नव्हतं, पासवर्ड नव्हता. एकाच्या फोनवर आलेलं सॉफ्टवेअर ब्लूटूथने दुसऱ्याकडे जायचं. गाणी तशीच, फोटो तसेच.

इथे जरा थांबते, कारण आमच्या मुकुटबनसारख्या गावासाठी ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुकुटबन झरी-जामणी तालुक्यात, वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा, आज तेलंगणात, तेव्हा आंध्र प्रदेशात. मोबाईलच्या भाषेत म्हणायचं तर नदीपलीकडे सर्कल बदलायचं आणि रोमिंग सुरू व्हायचं. बाजारहाट, सोयरिकी, मजुरी सगळं दोन्ही तीरांवर, आणि बिलाचा हिशोब मात्र नदीच्या मधोमध तुटलेला. ब्लूटूथला सर्कल नसतं. त्याला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही, नुसता शेजारी बसलेला माणूस लागतो.

वेगाचंही गणित करून बघा. ३ एमबीचं एक गाणं म्हणजे २४ मेगाबिट. या फोनचं जीपीआरएस कागदावर सेकंदाला साधारण ४० किलोबिट उतरवून घ्यायचं. म्हणजे एका गाण्याला निदान दहा मिनिटं, तीही कॉल न येता, लाईन न तुटता आणि मोजून पैसे देऊन. त्या काळच्या ब्लूटूथचा कागदावरचा वेग ७२३ किलोबिट, म्हणजे अर्धा मिनिट. प्रत्यक्षात चांगलाच जास्त वेळ लागायचा, पण पैसे शून्य. 'इंटरनेट हळू होतं' हे वाक्य खरंच आहे. फक्त ज्याचा नेटशी संबंधच क्वचित यायचा त्याच्यासाठी ते फोनचं मूल्यमापन ठरत नाही.

याच मोकळेपणाची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर आपण भक्त ठरू. जून २००४ मध्ये कॅबिर नावाचा वर्म सापडला, मोबाईलवर पसरणारा पहिला म्हणून तो ओळखला जातो. तो सिरीज ६० च्या फोनवर ब्लूटूथने पसरायचा. 'कॅरिबे' नावाची फाईल घ्यायची का, असं शेजारच्या फोनवर विचारलं जायचं. 'नाही' म्हटलं तरी पुन्हा विचारायचा, पुन्हा विचारायचा, शेवटी माणूस कंटाळून 'हो' दाबायचा. मोठं नुकसान करायचा नाही, पण सतत आजूबाजूचे फोन शोधत राहिल्याने बॅटरी खायचा. सिम्बियनने ९.१ आवृत्तीपासून सॉफ्टवेअरवर सही आणि परवानग्यांची व्यवस्था आणली. त्याने सुरक्षितता वाढली आणि हातोहात सॉफ्टवेअर देण्याघेण्याची मजाही गेली. शिवाय जुन्या आवृत्तीचे कार्यक्रम नव्या फोनवर चालेनात. एकच गुण, तोच दोष. दोन कप्प्यांच्या तक्त्यात हा कुठे लिहाल?

एक सूचना घाईघाईत देऊन टाकते. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली, सिम्बियन मागे पडलं, २०१४ मध्ये हँडसेटचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला. हा शेवट माहीत असल्यामुळे २००३ च्या प्रत्येक दोषात 'बुडण्याची बीजं' शोधायचा मोह होतो. करू नका. मधे आठ वर्षं आहेत, आणि त्यांतला बराच काळ सिम्बियन जगात सर्वांत पुढे होतं.

मजबुतीवर येऊ. 'नोकिया म्हणजे दगड' हे वाक्य मुलाखतीत शंभर टक्के येणार. इथे मला वाटतं दोन फोनांची कीर्ती एकत्र झालीय. २००३ मध्येच नोकिया ११०० आला: टॉर्च, धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कीपॅड, साधा काळापांढरा पडदा. भारतासारख्या देशांचा विचार करून बनवलेला. ६६०० ची तब्येत तशी नव्हती. त्याचा जॉयस्टिक हा नाजूक भाग होता. वापरून वापरून एका दिशेला चालेनासा व्हायचा, आणि पूर्ण मेनू त्याच्यावर अवलंबून असल्याने फोन चालू असून हात बांधल्यासारखं व्हायचं. कापसाच्या आणि कोळशाच्या पट्ट्यात, जिथे उन्हाळ्यात रस्त्यावरून ट्रक गेला की दहा मिनिटं धूळ खाली बसत नाही, तिथे फटी असलेला फोन आणि फटी नसलेला फोन हा फरक मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे. शिवाय जे फोन टिकले तेच आज कपाटातून निघतात. फुटलेले केव्हाच भंगारात गेले. टिकलेल्यांवरून सगळ्यांची मजबुती ठरवणं ही जुनीच चूक आहे, आणि व्हायव्हाला हमखास पकडली जाते.

पण बॅटरीबाबतीत लोकांची आठवण बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. ६६०० मध्ये बीएल-५सी बॅटरी होती, ८५० मिलिॲम्पिअर-तासांची. ११०० मध्येही तीच. एक स्वस्तातला, एक महागातला, आणि बॅटरी एकमेकांत बदलता येणारी! चार्ज संपला तर घरातल्या दुसऱ्या फोनची काढून घाला. लोडशेडिंगच्या काळात याची किंमत काय, ते आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. पुढे ती बॅटरी इतकी पसरली की छोट्या रेडिओंमध्ये आणि स्पीकरमध्येही दिसू लागली. म्हणजे टिकाऊपणा त्या एका बॅटरीत जितका होता, त्याहून जास्त तिच्या मापाच्या सार्वत्रिकतेत होता. त्याचाच उलटा झटका ऑगस्ट २००७ मध्ये बसला. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिताने बनवलेल्या बीएल-५सी चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात, अशी सूचना नोकियाने काढली. संख्या ४ कोटी ६० लाख. भारतात बरीच घबराट पसरली. सगळीकडे एकच माप असलं की सोय सगळीकडे पोचते आणि दोषही.

फोनच्या वयाचा मुद्दा बहुतेकांच्या आराखड्यात सुटतो. ६६०० चा काळ आपण २००३ ते २००७ असा लिहितो. तो कंपनीचा काळ झाला. सेकंडहँड घेतलेला फोन तालुक्याच्या गावात येतो, तिथून धाकट्या भावाकडे, मग आणखी कुणाकडे. त्याचं आयुष्य बाजाराने संपलं म्हटल्यावर तिथे सुरू होतं. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) हे पुस्तक शोधाच्या तारखेऐवजी वापराच्या काळावर इतिहास उभा करा असं सांगतं. आणि भारतातले मोबाईल, दुरुस्तीवाले, विक्रेते यांच्यावर आसा डोरॉन आणि रॉबिन जेफ्री यांचं 'द ग्रेट इंडियन फोन बुक' (२०१३) आहे. दोन्ही कोर्सवर्कच्या काळातच वाचून टाका. आपल्याकडे करायचं काम म्हणजे रिपेअरिंगच्या दुकानात बसणं. स्पेसिफिकेशन सांगतं फोन काय करू शकतो. रिपेअरवाला सांगतो तो रोज कशाने थांबायचा.

राहिली भाषा. माझ्या मते ६६०० चा आणि त्या पिढीचा खरा दोष हाच, आणि नेमका तोच फायद्या-तोट्यांच्या यादीत कधी दिसत नाही.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात. रोमन लिपीत एका अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला युनिकोडमध्ये एका चिन्हाला दोन बाइट, म्हणून ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द घ्या: मोजून १५ चिन्हं. तोच मी रोमनमध्ये लिहिते तेव्हा १३ अक्षरं होतात. म्हणजे देवनागरीत शब्द लांब आणि संदेश निम्म्याहून छोटा. हा दोष फोनच्या आत नाही, जीएसएमच्या मानकात आहे. पण भरपाई करायला लावला कुणाला, तर मराठीत लिहू पाहणाऱ्याला. एक संपूर्ण पिढी 'तू कुठे आहेस' हे इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकली. यामागे आळस आणि इंग्रजीचा तोरा शोधणारे लेख खूप झाले, बाइट मोजणारा मराठीत क्वचितच दिसतो.

नोकियाने काही केलंच नाही असंही नाही. हिंदी मेनू २००० मध्ये ३२१० वर आला होता, आणि २००४ मध्ये 'सरल मोबाइल संदेश' नावाने हिंदी एसएमएसची सोय आली. हिंदीची. देवनागरी आली की मराठी आपोआप आली, असं दिल्ली-मुंबईतल्या ऑफिसांत धरलं जातं. 'ळ' कुठल्या बटणावर, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. अँड्रॉइडच्या मेनूत मराठी आली ती ५.० आवृत्तीत, २०१४ साली. त्याच वर्षी, त्याच आवृत्तीत तेलुगूही आली. म्हणजे पैनगंगेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही ६६०० नंतर अकरा वर्षं एकाच रांगेत उभे होते.

आणि त्या रांगेत नसलेलेही आहेत. झरी-जामणीत कोलाम आहेत, गोंड आहेत. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. घरात कोलामी, बाजारात मराठी, नदीपलीकडे तेलुगू असं बोलणारा माणूस इथे नवलाचा नाही. गोंडीच्या दोन लिपी युनिकोडमध्ये आल्या, मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये; यातलं गुंजाळा हे गाव आपल्या शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातलंच. या माणसासाठी ६६०० चा कॅमेरा आणि व्हॉइस रेकॉर्डर म्हणजे फोनचे असे दोनच भाग, ज्यांना लिपी लागत नव्हती. जुन्या मेमरी कार्डांवर कोलामी बोलण्याची, लग्नातल्या गाण्यांची रेकॉर्डिंग असू शकतात, आणि ती कार्डं वाचणारे रीडर दर वर्षी कमी होत चाललेत. ज्यांना यावर प्रबंध करायचाय त्यांनी आराखडा मंजूर व्हायची वाट न बघता आधी तो जाड, जुन्या मापाचा एमएमसी रीडर मिळवून ठेवावा, आणि एखाद्याने कार्ड दिलंच तर सगळ्यात आधी त्याची प्रत काढून मूळ कार्ड त्याच दिवशी परत करावं.